एकच प्रश्न, दोन उत्तरे

(उपदेशकांसाठी व घरगुती अभ्यासासाठी. पाठ : मार्क 10:35–52)



ह्या आठवड्याच्या पाठासाठी आम्ही दोन वृत्तांत मुद्दाम एकत्र घेतले आहेत. जब्दीच्या पुत्रांची मागणी एका रविवारी वाचावयाची आणि आंधळ्या बार्तीमयाची गोष्ट दुसऱ्या रविवारी, अशी आपली सवय आहे. त्यामुळे एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. कृपा करून शास्त्र उघडा आणि छत्तिसावे वचन व एकावन्नावे वचन शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्ही ठिकाणी प्रभूने एकच प्रश्न विचारला आहे. मी तुमच्यासाठी काय करावे अशी तुमची इच्छा आहे, असे तो याकोब व योहान ह्यांना विचारतो, आणि हेच तो यरीहोच्या वाटेवर बसलेल्या भिकाऱ्याला विचारतो. प्रश्नात फरक नाही. फरक उत्तरात आहे, आणि आजचा सारा पाठ त्या फरकात आहे.

दोघा भावांनी काय मागितले? प्रभूच्या वैभवात एकाला उजवीकडे व दुसऱ्याला डावीकडे आसन. त्यांनी सोने मागितले नाही, शेतजमीन मागितली नाही. आपण धार्मिक गोष्ट मागत आहो असेच त्यांस वाटले असावे. मंडळीत शिरणारी महत्त्वाकांक्षा बहुधा अशीच देवळाचे कपडे घालून येते. तिला ओळखण्याची खूण मात्र सोपी आहे : उजवी व डावी ह्या दोनच जागा आहेत, आणि त्या आपल्याला मिळाल्या तर उरलेल्या दहांना मिळणार नाहीत. म्हणून एकेचाळिसाव्या वचनात दहा शिष्य रागावले. ते धर्मासाठी रागावले असे समजण्याची चूक करू नका. त्यांनाही तीच आसने हवी होती.

ह्या दहांविषयी आम्ही जरा अधिकाराने बोलतो, कारण आम्ही त्यांच्यात बसलो आहो. काही वर्षांपूर्वी एका मंडळीच्या वार्षिक सणाला आम्हांस बोलावणे आले. निमंत्रणपत्रिका हाती आली, तेव्हा आमचे नाव आमच्याहून लहान असलेल्या एका सेवकाच्या नावाखाली छापलेले दिसले. आम्ही गेलो, प्रार्थनाही केली. पण त्या दिवशीचा उपदेश कोणत्या वचनावर होता हे विचाराल तर आम्हांस सांगता यावयाचे नाही. दोन तास आम्ही मनात ती पत्रिकाच वाचीत होतो. परतीच्या एस.टी.त आमच्या पत्नीने शांतपणे विचारले, “आज कोणाच्या सणाला गेला होता?” ह्या प्रश्नाला आम्ही अद्याप उत्तर दिलेले नाही.

आता बार्तीमयाकडे या. त्याने काय मागितले? दृष्टी. त्याला डोळे मिळाल्याने यरीहोत कोणाचे डोळे कमी झाले नाहीत. त्याने कोणाच्या वर बसण्याची जागा मागितली नाही. माणूस म्हणून वाटेने चालता यावे एवढेच मागितले. आणि लोकांनी काय केले? त्याला गप्प बसण्यास दटावले. प्रभूने मात्र थांबून त्याला बोलावणे पाठविले. तुझी स्थिती देवाने ठरविली आहे, तिच्यात समाधान मान, असा उपदेश त्याने त्या भिकाऱ्याला केला नाही.

हे आम्ही महाडाच्या मुलखातील वाचकांसाठी विशेष लिहितो. 19 व 20 मार्च 1927 रोजी महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, आणि 20 तारखेला डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांच्यामागून हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली व तेथील पाणी प्याली. कायदा त्यांच्या बाजूस होता : सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने 1923 साली केला होता, आणि महाडच्या नगरपालिकेने 1924 साली तो मान्य केला होता. तरीही त्या दिवशी परतणाऱ्या लोकांना मार खावा लागला आणि पुढे तळ्याची पंचगव्याने शुद्धी करण्यात आली. खटला चालला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल 1937 च्या मार्चात लागला. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या आज्या-पणज्यांचा हा इतिहास आहे. आता विचारावे : तळ्याचे पाणी मागणारे लोक कोणाच्या उजव्या-डाव्या हाताची आसने मागत होते काय? ते बार्तीमयाच्या रांगेतले होते. तेव्हा स्वतःची आकांक्षा सोडा असा उपदेश करणाऱ्या प्रत्येकाने प्रथम पाहावे की आपण जब्दीच्या पुत्रांशी बोलत आहो की वाटेवर ओरडणाऱ्या आंधळ्याशी. गप्प बस म्हणणाऱ्या जमावात उपदेशकाने उभे राहू नये.

हा विवेक आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. पोलादपूर तालुक्यातील एका वाडीत एका गृहस्थाने आपल्या मुलीला चार शब्द सांगण्यास आम्हांस बोलाविले. तिला परिचारिकेचा अभ्यास करावयाचा होता. घरी खाचरे दोन, भावंडे पाच. आम्ही ओसरीवर बसून तिला समाधानाविषयी, नम्रतेविषयी, जगाच्या मोहाविषयी अर्धा घटका सांगितले, आणि आजच्याच पाठाचा पहिला भाग वाचून दाखविला. तिने सारे खाली मान घालून ऐकले. मग म्हणाली, “पाळकसाहेब, मग तुम्ही सेमिनरीत का गेलात?” तिचे वडील तिला रागे भरले. आम्ही रागे भरू शकलो नाही. आम्ही सेमिनरीत गेलो तेव्हा कोणी आम्हांस हा पाठ वाचून दाखविला नव्हता; उलट मंडळीने वर्गणी काढून ट्रंक घेऊन दिली होती. पुढे ती मुलगी शिकली. त्याचे श्रेय आमचे नाही.

मग ख्रिस्ताने जे सोडावयास सांगितले ते कोणते? त्रेचाळीस ते पंचेचाळीस ही वचने पाहा. मोठे होण्याची इच्छा असेल त्याने सेवक व्हावे असे तो म्हणतो. इच्छाच करू नये असे म्हणत नाही. तो इच्छेची दिशा फिरवितो. ही दिशा फिरणे किती अवघड असते हे पाहावयाचे असेल तर नारायण वामन टिळक ह्यांचे चरित्र आठवावे. कोकणच्या मातीत जन्मलेला हा मनुष्य तरुणपणीच कवी व वक्ता म्हणून नावाजला. हिंदुस्थानचे कल्याण एका नव्या, जातिभेदरहित धर्माने होईल असे त्यांच्या मनाने घेतले आणि तो धर्म आपणच स्थापावा असा त्यांचा विचार होता. हेतू थोर होता, पण त्या थोर हेतूत एक आसन होते आणि त्यावर टिळकांनी स्वतः बसावयाचे होते. 1893 साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचन वाचताना नवधर्मसंस्थापकाला कळून आले की आपण शोधीत असलेला गुरू आधीच येऊन गेला आहे आणि आपल्यासाठी शिष्याचीच जागा उरली आहे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आमच्या मते त्यांची खरी परीक्षा बाप्तिस्म्याने संपली नाही. ख्रिस्ती झाल्यावर ते मिशनमध्येही मोठे झाले. अहमदनगरास शिक्षक, पाळक, ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादक, आणि सर्व मंडळ्यांत गाइली जाणारी गीते लिहिणारे. हे दुसरे आसन पहिल्याहून मऊ होते. 1917 साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा एक बंधुवर्ग, ‘देवाचा दरबार’, उभारण्यास निघाले. दीडपावणेदोन वर्षांतच, 9 मे 1919 रोजी, ते वारले. दरबार त्यांच्यामागे फारसा वाढला नाही. जगाच्या हिशेबात हा तोट्याचा व्यवहार आहे, आणि उपदेशकांनी तो तसाच सांगावा. फायद्याचा करून सांगू नये.

येथे एक गोष्ट बोलून ठेवतो, कारण ती बहुधा व्यासपीठावरून सांगितली जात नाही. टिळकांनी जे जे सोडले त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. पती ख्रिस्ती झाल्यावर त्या जवळजवळ पाच वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे स्वतःच्या विश्वासाने आल्या आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरात येणारा पैसा पती सहज कोणालाही देऊन टाकीत, आणि संध्याकाळच्या चुलीचा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राही. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचले त्यांना हे ठाऊक आहे, आणि हे सारे त्यांनी किती हसत सांगितले आहे हेही. सेवेसाठी आपण त्याग करतो असे म्हणणाऱ्या प्रत्येक उपदेशकाने घरी जाऊन विचारावे की त्या त्यागातील आपला वाटा किती आणि पत्नीचा किती. दुसऱ्याच्या ताटातली भाकर देऊन आपण उदार होत नाही.

स्वतःवर विसंबण्याविषयी आता थोडे. आपल्या मंडळ्यांना स्वावलंबनाचा धडा वारंवार दिला जातो आणि तो योग्य आहे. पाळकाचे वेतन व मंदिराची कौले परक्याच्या पैशावर कायमची चालू नयेत. परंतु हाताचे स्वावलंबन वेगळे आणि मनाचे वेगळे. उज्जीया राजाची गोष्ट (2 इतिहास 26) शेतकऱ्यांना अवश्य सांगा. तो सोळाव्या वर्षी गादीवर आला, त्याने विहिरी खोदल्या, बुरूज बांधले, द्राक्षमळे लावले. त्याला मातीची आवड होती असे शास्त्रच सांगते. त्याच्या कष्टात दोष नव्हता. देवाच्या साहाय्याने तो बलवान झाला, आणि बलवान झाल्यावर ते साहाय्य विसरला. याजकांचे काम आपणच करावे म्हणून धूपदान घेऊन मंदिरात शिरला. 22 जुलै 2021 रोजी महाडच्या बाजारपेठेत पाणी चढले आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना फार सांगणे नको. ज्यांनी जन्मात कोणापुढे हात पसरला नव्हता त्यांनी त्या दिवसांत अनोळखी माणसाच्या हातून भाकरी घेतली, आणि ती घेण्यात त्यांची मान खाली गेली नाही.

उज्जीयाच्या कपाळावर कोड उठले व तो मरेपर्यंत वेगळ्या घरात राहिला, असे त्या अध्यायात पुढे येते. ह्यावरून कुष्ठरोग म्हणजे पापाची शिक्षा असे मात्र कोणी शिकवू नये. हा रोग जंतूंमुळे होतो, हान्सेनने ते जंतू 1873 साली दाखवून दिले, आणि आज तो औषधांनी पूर्ण बरा होतो. ज्या पोलादपुरात मिशनने कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय चालविले, तेथील मंडळीने तरी असे शिकवू नये. त्या कार्याचा आरंभ करणारा वेलस्ली बेली हा आयर्लंडातील तरुण मुळात सेवेसाठी घराबाहेर पडलाच नव्हता. तो आधी सोन्याच्या शोधात ऑस्ट्रेलियाकडे गेला; मग पोलीस खात्यात शिरावे म्हणून 1869 साली हिंदुस्थानात आला. ती नोकरी राहिली बाजूला, आणि तो पंजाबात अंबाल्यास मिशनच्या शाळेत शिक्षक झाला. तेथे एका वडीलधाऱ्या मिशनऱ्याने त्याला कुष्ठरोग्यांच्या झोपड्यांकडे नेले. 1874 साली डब्लिनजवळच्या काही भगिनींनी त्याला वर्षाला 30 पौंड जमविण्याचे वचन दिले, आणि एवढ्यावर ती संस्था उभी राहिली. सोने शोधणाऱ्या माणसाने तीस पौंडांवर समाधान मानले, हे वाचून आम्हांस हसू येते आणि थोडी लाजही वाटते.

वर्ग घेणाऱ्या उपदेशकांस दोन सूचना. पाठ आपण वाचू नये. ज्याला क्वचितच वाचावयास मिळते अशा कोणाकडून वाचून घ्यावा, अडखळला तरी चालेल. मग प्रभूचा तो प्रश्न वर्गात प्रत्येकाला विचारावा आणि उत्तरे सुधारू नयेत. कोणी कर्जातून सुटका मागेल, कोणी मुंबईला गेलेल्या मुलाचे पत्र, कोणी गुडघेदुखी जावी असे म्हणेल. ही सारी बार्तीमयाची उत्तरे आहेत. ती ऐकून घ्यावी. उपदेशकाने आपले उत्तर सर्वांच्या शेवटी द्यावे, आणि खरे द्यावे. आम्ही गेल्या महिन्यात असा वर्ग घेतला तेव्हा आमची पाळी आल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. पत्रिकेची गोष्ट प्रथम तेथेच सांगितली.

पन्नासाव्या वचनाकडेही वर्गाचे लक्ष वेधावे : बोलावणे येताच बार्तीमयाने अंगावरचे वस्त्र टाकले. त्याच्याजवळ बहुधा तेवढेच होते. दृष्टी आल्यावर तो ते घेण्यास परत गेला असे मार्क सांगत नाही. तो वाटेने येशूच्या मागे चालू लागला, एवढेच सांगतो. ती वाट यरुशलेमेस जात होती, जेथे थोड्याच दिवसांत प्रभूच्या उजवीकडे व डावीकडे दोन लुटारू होते (मार्क 15:27).

पुढील आठवड्याचा पाठ : मार्क 11:1–11. घरून वाचून यावे.