हरित वसई : एका समितीची वाटचाल
(रविवारचा अभ्यासपाठ)



नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट (१ राजे, अध्याय २१) आपण लहानपणापासून ऐकली आहे. राजा अहाबाला आपल्या वाड्याशेजारचा मळा हवा होता. त्याने नाबोथाला योग्य किंमत देऊ केली, बदल्यात दुसरा चांगला मळाही देऊ केला. नाबोथ नाही म्हणाला, कारण ती वाडवडिलांची जमीन होती. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. आमच्या अभ्यासगटात ही गोष्ट वाचली तेव्हा एका ज्येष्ठ बंधूंनी विचारले, "पण नाबोथानेच मळा विकला असता तर?" प्रश्न सोपा वाटला, पण त्याचे उत्तर आम्हाला देता येईना. त्यावरून बोलणे वसईकडे वळले, आणि म्हणून या रविवारी हरित वसई संरक्षण समितीची माहिती आपल्यापुढे ठेवत आहोत.

वसई आपल्याला परकी नाही. आपल्या पुणे धर्मप्रांताचे २००९ ते २०२३ या काळातील महागुरू बिशप थॉमस डाबरे हे त्याआधी वसईचेच बिशप होते. १९९८ साली वसई धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हाचे ते पहिले महागुरू. आपल्याकडच्या अनेक घरांत 'सुवार्ता' मासिक येत असे, तेही वसईहूनच. त्या मासिकाचे संपादन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ इतकी वर्षे केले. समितीच्या कार्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

आधी त्या भूमीविषयी थोडे. वसईचा पश्चिम पट्टा म्हणजे नंदाखाल, आगाशी, निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज, पापडी ही आणि त्यांच्या शेजारची गावे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला रेल्वे, आणि मध्ये वाड्या. या वाड्यांत केळी, पानवेली, नारळ, भाजीपाला आणि फुले पिकत. पहाटेच्या गाडीने भाजी आणि फुले मुंबईला जात. आगाशीच्या राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली सुकेळी प्रसिद्ध आहेत. तेथे कुपारी ख्रिस्ती आणि वाडवळ हिंदू शेजारी शेजारी वाड्या करतात. त्यांच्या विहिरींचे पाणी एकाच भूगर्भातून येते.

या पाण्याची रचना समजून घेतली नाही तर पुढची सर्व हकीकत अर्धवट कळेल. समुद्रकाठच्या वालुकामय जमिनीत खाली खारे पाणी असते आणि त्यावर पावसाचे गोडे पाणी तरंगत राहते, कारण गोडे पाणी थोडे हलके असते. शास्त्रज्ञ असे सांगतात की समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी उभे असेल तर समुद्रसपाटीच्या खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी सापडते. हिशेब उलटा केला की धोका दिसतो. उपसा करून वरची पातळी एक फूट खाली आणली तर खारे पाणी कित्येक पटींनी वर सरकू लागते. आपल्यापैकी जे नगर भागातून आले आहेत त्यांना आटलेली विहीर माहीत आहे. एखादे वर्ष पाऊस चांगला झाला की ती पुन्हा भरते. विहीर खारी झाली तर ती पूर्वपदावर यायला फार काळ लागतो, आणि तोवर पानवेल किंवा केळ तग धरत नाही.

वसईच्या जुन्या लोकांनी हे पुस्तकात वाचले नव्हते, पण त्यांनी वाडीत बावखले खणली होती. बावखल म्हणजे वाडीतला लहान तलाव. खणलेली माती वाडी आणि घर उंच करायला वापरली जाई. पावसाळ्यात बावखल भरे, त्यातले पाणी हळूहळू जमिनीत मुरे आणि आसपासच्या विहिरींना पुरे. दिसायला ते शेवाळलेले डबके. बांधकामासाठी जमिनी विकल्या जाऊ लागल्या तेव्हा सर्वांत आधी तीच बुजवली गेली, कारण त्यांची किंमत कोणत्याच कागदावर लिहिलेली नव्हती.

१९८० च्या दशकात मुंबईत घर घेणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले. लोक बोरिवलीच्या पुढे सरकू लागले. १९८८ च्या सुमारास शासनाने वसई भागातील मोठे क्षेत्र बांधकामासाठी खुले केले आणि १९९० साली या पट्ट्याच्या नियोजनाचे काम सिडकोकडे सोपवले. जमिनीचे भाव एकदम वाढले. पैशाबरोबर दहशतही आली. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये नालासोपारा रेल्वे स्थानकावर एका बांधकाम व्यावसायिकाला गोळ्या घालून ठार करण्यात आले. शेतकऱ्याच्या दारात जमीन मागायला कोण येतो आणि कोणत्या आवाजात मागतो, हे त्या काळी वसईत उघडपणे बोलण्याचीही सोय नव्हती.

अशा दिवसांत हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर दिब्रिटो पुढे आले तेव्हा अनेकांनी विचारले की धर्मगुरूचे हे काम आहे काय. हा प्रश्न आजही विचारला जातो, म्हणून त्यावर थोडे थांबू. फादर स्वतः नंदाखालचे, वाडीत वाढलेले. त्यांच्यापुढे येणाऱ्या भाविकांचे दुःख विहिरीचे आणि जमिनीचे होते. ते ऐकून फक्त प्रार्थना करतो असे सांगणे त्यांना पटले नाही. त्याच सुमारास, १ जानेवारी १९९० रोजी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी जागतिक शांतीदिनाचा संदेश दिला. निर्माणकर्त्याशी शांती आणि त्याच्या सर्व सृष्टीशी शांती, असा त्याचा विषय होता. म्हणजे वसईत जे चालले होते ते चर्चच्या शिकवणुकीबाहेरचे नव्हते. पुढे २०१५ साली पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक आले. त्यातील २७ ते ३१ हे परिच्छेद केवळ पाण्याविषयी आहेत.

समिती ख्रिस्ती लोकांची संघटना म्हणून चालवली गेली नाही, ही आम्हाला तिची सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. विहीर खारी होताना मालकाचा धर्म पाहत नाही. सभा झाल्या, मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली, 'सुवार्ता'तून लेखन होत राहिले. फादरांना धमक्या आल्या. तरीही त्यांनी राजकारणातील गुन्हेगारीविरुद्ध बोलणे थांबवले नाही. आपल्या वाटचालीविषयी त्यांनी 'नाही मी एकला' या आत्मकथनात लिहिले आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी ते जरूर वाचावे.

सर्वांत अवघड लढा पाण्याच्या टँकरचा होता. नव्या इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांना नळाचे पाणी नव्हते. मग टँकर हरित पट्ट्यातील विहिरींवर येऊ लागले. कायद्याने पाहिले तर जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणीही त्याचे. १८८२ च्या वहिवाट हक्कांच्या कायद्यापासून हीच समजूत चालत आली आहे. एखाद्या शेतकऱ्याने वर्षभर केळी पिकवून जे मिळवायचे, त्याहून अधिक पैसे पाणी विकून थोड्या काळात मिळू लागले. त्याने पंप लावला की शेजाऱ्याच्या विहिरीचीही पातळी खाली जाई, कारण बांध जमिनीवर असतो, जमिनीखाली नसतो. महाराष्ट्रात १९९३ साली पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठी भूजल कायदा झाला, पण तो मुख्यतः सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांजवळच्या उपशाबद्दल होता. गावकऱ्यांनी टँकर अडवले. म्हणजे गाव गावाविरुद्ध, कधी कधी भाऊ भावाविरुद्ध उभा राहिला.

येथे त्या ज्येष्ठ बंधूंच्या प्रश्नाकडे परत यावे लागते. वसईत अहाब होते, यात शंका नाही. पण मळा विकणारे नाबोथही होते, आणि त्यांत आपले ख्रिस्ती बांधवही होते. कोणाला मुलीचे लग्न करायचे होते, कोणाच्या मुलाला वाडीत राबायचे नव्हते. त्यांना पापी म्हणणे सोपे आहे. आम्हाला ते योग्य वाटत नाही. वाडीच्या उत्पन्नावर घर चालत नसेल तर केवळ हिरवाई टिकवण्यासाठी शेतकऱ्याने गरीब राहावे, असे आपण दूर आकुर्डीत बसून कसे म्हणणार? समितीलाही हा प्रश्न पूर्णपणे सुटला असे आम्हाला वाटत नाही. शेती टिकली तरच हरित पट्टा टिकेल, हे तिथले जाणते लोक सांगत आले आहेत. ते करून दाखवणे मोर्चा काढण्याहून कठीण आहे.

मग समितीने मिळवले काय? रेल्वेच्या दोन्ही अंगांना, विशेषतः नालासोपारा आणि विरारकडे, जे व्हायचे ते झाले. २००९ साली चार नगरपालिका आणि ५३ गावे मिळून वसई-विरार महापालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली. गावे महापालिकेत घेण्यास मोठा विरोध झाला. २०११ साली शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला, पण तो वाद न्यायालयात गेला आणि वर्षानुवर्षे रेंगाळला. २०१६ साली मुंबई महानगर प्रदेशाचा नवा प्रादेशिक आराखडा आला तेव्हा हरित पट्ट्यात अधिक बांधकामाला वाव मिळेल या भीतीने वसईकरांनी हजारो हरकती नोंदवल्या. मोर्चात घोषणा देणारा समाज आता आराखडा वाचून लेखी हरकत देऊ लागला होता. आमच्या मते समितीच्या कामाचे खरे फळ इथे दिसते. जुलै २०१८ च्या पावसात वसई पाण्याखाली गेली, रेल्वे बंद पडली, मिठागरातले कामगार अडकून पडले. बुजवलेल्या पाणथळ जागांची आठवण तेव्हा अनेकांना झाली. आणि तरीही पश्चिमेच्या गावांत आजही वाड्या आहेत, काही बावखले शिल्लक आहेत आणि तरुण मंडळी ती साफ करण्यासाठी उतरतात.

फादर दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. हा मान मिळालेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभुघरी गेले.

आता आपल्याकडे पाहू. आकुर्डी आणि निगडीच्या जमिनीवरही एके काळी शेती होती. १९७२ साली प्राधिकरण स्थापन झाले, जमिनी संपादित झाल्या, आणि मूळ शेतकऱ्यांना साडेबारा टक्के परतावा मिळण्याचा प्रश्न पुढे अनेक दशके चालला. ज्या जागेवर आपण घर बांधले किंवा भाड्याने घेतले, तिथला नाबोथ कोण होता हे आपण कधी विचारले नाही. १९७१ साली पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या एक लाखही नव्हती. २०११ साली ती १७ लाखांच्या पुढे होती. या शहराची तहान मुख्यतः पवना धरण भागवते. त्या धरणासाठी मावळातील शेतकरी उठले, आणि त्यांच्यातील कित्येकांचे पुनर्वसन वर्षानुवर्षे अडून राहिले. धरणातून थेट निगडीपर्यंत बंद नळातून पाणी आणण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर झालेल्या गोळीबारात तिघे आंदोलक मरण पावले. ते पाणी आपल्याकडे यायचे होते. त्या दिवशी आपण काय बोललो, किंवा बोललोच नाही, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

वसईच्या गोष्टीत आपली जागा कोणती, यावर आमच्या गटात बराच वेळ चर्चा झाली. आपण वाडीवाले नाही. आपण इमारतीत राहणारे, टँकरची वाट पाहणारे आहोत. २०१९ च्या अखेरीस शहरात दिवसाआड पाणी सुरू झाले आणि अनेक सोसायट्यांत टँकर नेहमीचा झाला. आमच्यापैकी एकीच्या सोसायटीत उन्हाळ्यात रोज टँकर येतो. तो कोठे भरला जातो, हे तिने सोसायटीच्या चिटणिसांना विचारले. त्यांना माहीत नव्हते. चालकाला विचारले तर तो हसला आणि म्हणाला, "ताई, पाणी आलं ना, मग झालं."

पुढील रविवारी सकाळच्या मिस्सानंतर अभ्यासगट नेहमीच्या जागी बसेल. ज्यांच्याकडे टँकर येतो त्यांनी तो कोणत्या विहिरीवर किंवा बोअरवर भरला जातो, त्या जागेच्या आसपास कोण राहते आणि तिथल्या विहिरींना मे महिन्यात किती पाणी असते, हे शक्य तेवढे विचारून यावे. मावळातील किंवा वसईतील नातेवाईक ज्यांच्याकडे आले असतील, त्यांनी त्यांनाही सोबत आणावे.