न्यायासन कोठे बसावे?

नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत राज्यसंस्थेची तीन अंगे सांगतात : कायदा करणारे विधिमंडळ, तो अमलात आणणारे शासन आणि त्याचा अर्थ लावणारे न्यायालय. परीक्षेपुरते हे पाठ करणे सोपे आहे. परंतु सामान्य मनुष्याचा संबंध येतो तो बहुधा निवडून आलेल्या प्रतिनिधीशी नव्हे, तर कचेरीतील अंमलदाराशी आणि न्यायाधीशाशी. या दोघांवर दबाव आणणारे जे संघ व मंडळे असतात, त्यांची नावे तर पुस्तकात क्वचितच सापडतात. आपल्या हिंगोलीच्याच एका प्रश्नावरून हा विषय पाहू.

पूर्णा नदीवर सिद्धेश्वरचे धरण औंढा तालुक्यात आहे, हे विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. अशा धरणासाठी ज्याची जमीन घेतली जाई, त्याचा मोबदला प्रथम ठरवी तो भूसंपादन अधिकारी. 1894 च्या कायद्याची हीच रीत होती. विधिमंडळाने ‘बाजारभाव द्यावा’ एवढेच म्हणावे. बाजारभाव म्हणजे नेमके किती रुपये, हे कचेरीने लिहावे. नोकरशाहीची खरी सत्ता या रिकाम्या जागेत असते. कायद्यात मोकळी राहिलेली जागा अंमलदाराच्या लेखणीने भरली जाते, आणि शेतकऱ्याच्या आयुष्यात तोच कायदा ठरतो.

भाव पटला नाही तर त्या कायद्याच्या कलम 18 अन्वये प्रकरण न्यायालयाकडे पाठविण्याची मागणी करता येई, आणि तेथील निकालही मान्य नसेल तर कलम 54 अन्वये उच्च न्यायालयात अपील. येथवर सर्व यथान्याय दिसते. मात्र उच्च न्यायालय होते कोठे? मराठवाडा हैदराबाद संस्थानात असता, व पुढे 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात असता, हैदराबादेस. त्या वर्षी राज्यपुनर्रचना झाली आणि ते गेले मुंबईस. हिंगोलीहून मुंबई म्हणजे सारे महाराष्ट्र ओलांडून जाणे. प्रवास, मुक्काम, अनोळखी वकील, आणि तारीख लांबली की पुन्हा तेच. दोन-चार एकरांच्या वाढीव मोबदल्यासाठी एवढा खर्च कोण करणार? अपिलाचा हक्क कागदावर होता. तो बजावण्याची ऐपत ज्यापाशी होती, त्याचाच तो होता. न्यायासन कोठे आहे यावरून कचेरीचा शब्द शेवटचा ठरतो की नाही, हेही ठरते.

म्हणून औरंगाबादेस खंडपीठ हवे, अशी मागणी मराठवाड्यात सुरू झाली. विदर्भाला नागपुरास खंडपीठ मिळाले होते. आम्हांस का नको, हा प्रश्न सरळ होता. येथे तिसरी शक्ती दिसते, ती हितसंबंधी संघांची. ‘हितसंबंध’ हा शब्द आपण निंदेने उच्चारतो. ते मला पटत नाही. वकिलांचा व्यवसाय न्यायालयाच्या दाराशी चालतो. दार हलले की व्यवसायही हलतो. म्हणून औरंगाबादच्या वकिलाला ते दार आपल्याकडे हवे होते, यात स्वार्थ नव्हता असे कोण म्हणेल? परंतु त्याच्या स्वार्थाच्या गाडीत औंढ्याच्या शेतकऱ्याचे हितही बसून आले. 

1978 मध्ये विधानसभेने खंडपीठाच्या बाजूने ठराव केला. राज्यपुनर्रचना कायद्याच्या कलम 51 मध्ये दोन वाटा होत्या. पोटकलम (2) प्रमाणे राष्ट्रपतींनी कायम खंडपीठ स्थापावे. पोटकलम (3) प्रमाणे मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या संमतीने न्यायाधीशांची बैठक अन्य स्थळी नेमावी. पहिली वाट दिल्लीत अडली. तेव्हा मुख्य न्यायमूर्तींनी दुसरी धरली व 27 ऑगस्ट 1981 पासून औरंगाबादेस न्यायाधीश बसू लागले.

लगेच त्या आदेशास आव्हान मिळाले. राष्ट्रपतींचा अधिकार वळसा घालून वापरला गेला, अशी तक्रार होती. नवल असे की, मुंबई उच्च न्यायालयानेच डिसेंबर 1981 मध्ये आपल्या मुख्य न्यायमूर्तींचा आदेश रद्द केला! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1982 मध्ये त्या न्यायालयाने ठरविले की, 1960 च्या राज्यविभाजनानंतरही कलम 51 जिवंत आहे व मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार निर्वेध आहे. खंडपीठ टिकले. 1984 मध्ये राष्ट्रपतींच्या अधिसूचनेने ते कायम झाले.

अमेरिकेत याच सुमारास काय चालले होते, ते पाहण्यासारखे आहे. तेथे फेडरल न्यायालये कोठे बसावीत, हे मुख्यतः काँग्रेस म्हणजे तेथील विधिमंडळ कायद्याने सांगते. न्यायालयांना स्वतःला त्यात मर्यादित मुभा असते. दक्षिणेतील सहा राज्यांचे एक प्रचंड अपील न्यायालय होते, पाचवे सर्किट. त्याचे दोन तुकडे करावेत ही सूचना 1960 च्या दशकात पुढे आली, तेव्हा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी झटणाऱ्यांनी कडाडून विरोध केला. वर्णभेद मोडणारे निर्भीड न्यायाधीश त्या न्यायालयात होते. विभागणीत त्यांचे बळ फुटेल, अशी भीती होती. म्हणजे न्यायालयाच्या सीमारेषांत न्यायाचे भवितव्य दडलेले असते, हे त्यांनी ओळखले होते. पुढे कामाचा बोजा असह्य होऊन न्यायाधीशांनीच विभागणी मागितली. 1980 मध्ये कायदा झाला आणि 1 ऑक्टोबर 1981 पासून अॅलाबामा, जॉर्जिया व फ्लोरिडा यांचे अकरावे सर्किट निराळे काम पाहू लागले. औरंगाबादची बैठक सुरू होऊन तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते.

त्या देशात कचेरीवरही अंकुश आहे. 1946 च्या एका कायद्यामुळे सरकारी खात्यास नियम करण्यापूर्वी सामान्यतः त्याचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांचे म्हणणे मागवावे लागते. मात्र हे म्हणणे मांडण्यास ज्यांपाशी पगारी तज्ज्ञ असतात, त्यांचाच आवाज मोठा निघतो. 

इकडे 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि जिल्ह्याची कचेरीही जवळ आली. 1894 चा भूसंपादन कायदा गेला. 2014 च्या आरंभापासून नवा कायदा लागू आहे, तरी मोबदल्याचे शेवटी अपील उच्च न्यायालयातच चालते. शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. आणि ज्या पोटकलम (3) वरून 1981 मध्ये एवढा वाद माजला, त्याच्याच आधारे 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरास मुंबई उच्च न्यायालयाची बैठक सुरू झाली. तेथील सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी तिच्यासाठी अनेक वर्षे चळवळ चालविली होती.