कॅप्चाची पडताळणी आणि शेतकऱ्याची खाजगी माहिती

बी निवडणे, खताची मात्रा ठरविणे, किडीची लक्षणे ओळखणे या कामांच्या जोडीला गेल्या काही वर्षांत शेतकऱ्यास आणखी एक काम शिकावे लागले आहे. ते म्हणजे संकेतस्थळावर आपली ओळख पटवून आत प्रवेश करणे. सातबाराचा उतारा पाहणे, पीक विम्याचा अर्ज भरणे, महाडीबीटीवर अवजारासाठी किंवा ठिबक संचासाठी अर्ज करणे, पीएम-किसानच्या हप्त्याची स्थिती पाहणे ही कामे आता संगणकावर अथवा मोबाईलवर होतात. अशा अनेक ठिकाणी वाकडीतिकडी अक्षरे असलेली एक लहान चौकट समोर येते व तीतील अक्षरे जशीच्या तशी लिहावयास सांगितले जाते. या पडताळणीस कॅप्चा म्हणतात.

चौकट लहान असली तरी तिच्यापायी होणारा त्रास लहान नाही. दोन-तीन वेळा अक्षरे चुकली की अर्जदार कंटाळतो आणि मोबाईल, आधार क्रमांक, परवलीचा शब्द व ओटीपी हे सर्व दुसऱ्याच्या हाती सोपवून मोकळा होतो. कॅप्चा चुकल्याने थोडा वेळ वाया जातो; परंतु कंटाळून दिलेली माहिती परत घेता येत नाही. यास्तव कॅप्चा काय विचारतो व काय विचारीत नाही, हे प्रत्येक शेतकऱ्याने आणि गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

कॅप्चाची गरज का भासली?

संकेतस्थळावर माणसेच येतात असे नाही. माणसाप्रमाणे अर्ज भरणारी व बटणे दाबणारी संगणकीय आज्ञावलीही येते. तिला बॉट म्हणतात. एका मिनिटात शेकडो खोटे अर्ज भरणे, परवलीचे शब्द अंदाजाने लावून पाहणे, अथवा गावोगावच्या नोंदी एकामागून एक उपसून नेणे तिला सहज जमते. असा भार पडला म्हणजे खऱ्या अर्जदारासाठी संकेतस्थळ मंदावते किंवा बंद पडते.

यंत्र माणसासारखे वागू शकते काय, याची कसोटी ब्रिटिश गणितज्ञ अॅलन ट्युरिंग यांनी १९५० साली मांडली होती. तीत माणूस परीक्षक होता. इ. स. २००० च्या सुमारास अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात लुई फॉन आन, मॅन्युएल ब्लम व त्यांचे सहकारी यांनी ही कसोटी उलटी वापरली. यंत्रच परीक्षक झाले व समोरचा माणूस आहे की यंत्र, हे ते ठरवू लागले. ‘कॅप्चा’ हे नाव त्यांनीच दिले.

कॅप्चा दिवसेंदिवस कठीण का होतो?

भाताच्या खाचरात रोपासारखेच दिसणारे एक गवत उगवते, हे शेतकऱ्यास ठाऊक आहे. निंदणी करणारा जे वेगळे दिसते ते उपटतो. जे भातासारखे दिसते ते वाचते व त्याचेच बी पुढे पडते. अनेक पिढ्यांनंतर ते गवत भाताशी इतके मिळतेजुळते होते की, निंदणाऱ्याच्या हातून कधी गवत राहते, तर कधी भाताचे रोपच उपटले जाते. कॅप्चाची गत तशीच आहे. बॉट अक्षरे वाचू लागला तशी अक्षरे अधिक वाकडी करण्यात आली. तीही तो वाचू लागला. वाकडी अक्षरे आपली यंत्रणा ९९.८ टक्के अचूकपणे वाचते, असे गुगल कंपनीने २०१४ साली स्वतःच जाहीर केले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अनेक प्रकारचे कॅप्चा बॉट माणसापेक्षा लवकर व अचूक सोडवितात असे दिसून आले. तात्पर्य, कॅप्चा चुकणे हे अडाणीपणाचे लक्षण नव्हे. शिकल्यासवरलेल्या माणसाचेही ते वारंवार चुकते.

नेहमीच्या अडचणी व त्यांवरील उपाय

१. कळफलक मराठीत असल्यास तो आधी इंग्रजी करावा. मोबाईल पुष्कळदा पहिले अक्षर आपोआप मोठ्या लिपीत लिहितो व शब्दाच्या शेवटी मोकळी जागा सोडतो. ही दोन्ही दुरुस्त करावीत. मोठी व लहान अक्षरे चौकटीत दिसतील तशीच लिहावीत.

२. इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य, तसेच लहान ‘एल’, मोठा ‘आय’ आणि एक हे अंक-अक्षरे सारखी दिसतात. संशय आल्यास अंदाज न करता चौकटीशेजारील गोल बाणाची खूण दाबून नवी अक्षरे घ्यावीत. संपूर्ण पान पुन्हा उघडू नये. तसे केल्यास भरलेला मजकूर पुसला जाण्याचा संभव असतो.

३. कॅप्चास ठराविक मुदत असते. अर्ज भरण्यास वेळ लागला असेल, तर शेवटी नवी अक्षरे मागवून मग लिहावीत.

४. चौकटीत बेरीज-वजाबाकी दिली असल्यास फक्त उत्तर लिहावे. ‘५ + ३’ असे दिसल्यास ‘८’ एवढेच पुरे.

५. काही ठिकाणी चित्रे निवडावयास सांगतात. त्यांत अमेरिकेतील रस्त्यांवरील अग्निशमनाचे नळ किंवा वाहतुकीचे दिवे असतात व ते आपल्याकडील माणसास ओळखीचे नसतात. न उमगल्यास दुसरी चित्रे मागवावीत.

६. दृष्टी मंद असलेल्यांसाठी काही संकेतस्थळांवर कर्ण्याची किंवा कानाची खूण असते. ती दाबल्यास अक्षरे ऐकू येतात. वृद्ध शेतकऱ्यांस ही सोय अवश्य दाखवावी.

७. एकाच केंद्रातून थोड्या वेळात अनेक अर्ज गेले की काही संकेतस्थळांस बॉटचा संशय येतो व पडताळणी वाढते. अशा वेळी काही काळ थांबून काम पुढे चालवावे.

केवळ खूण करावयाच्या चौकटीचे रहस्य

‘मी रोबो नाही’ या वाक्यापुढे केवळ खूण करावयाची, असा कॅप्चा २०१४ पासून प्रचारात आला. केवळ खुणेवरून यंत्रास कसे कळते, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. खूण होण्यापूर्वी व होताना पानावरील हालचाल, तसेच आपल्या यंत्रात पूर्वी साठविलेल्या कुकी नावाच्या नोंदी तपासल्या जातात. २०१८ साली आलेल्या पुढील प्रकारात तर काहीच विचारले जात नाही; वर्तनावरून शून्य ते एक यांमधील गुण गुपचूप दिले जातात. त्रास कमी झाला, परंतु त्याचे मोल आपल्याविषयीच्या माहितीने चुकते होते. जो कुकी पुसून टाकतो त्यास हा कॅप्चा अधिक वेळा अडवितो. अक्षरे लिहावयास लावणारा कॅप्चा डोळ्यांस त्रास देतो, पण तो पाळत ठेवतोच असे नाही. म्हणून त्रास नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नये.

दोन वेगळे प्रश्न

कॅप्चाचा प्रश्न एकच असतो : समोर मनुष्य आहे काय? परवलीचा शब्द व ओटीपी यांचा प्रश्न वेगळा असतो : समोर अमुक खातेदारच आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणीही मनुष्य देऊ शकतो; सबब चष्मा नसल्यास शेजाऱ्याने कॅप्चा वाचून दाखविण्यात काहीच गैर नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र खातेदाराचेच असते. कॅप्चास मदत घ्यावी, ओटीपीस घेऊ नये, हा भेद पक्का ध्यानात ठेवावा.

यावरूनच खोटा कॅप्चाही ओळखता येतो. कॅप्चा सोडविण्यासाठी नाव, आधार क्रमांक, बँकेचे खाते अथवा ओटीपी यांची गरज नसते. ‘रोबो नसल्याचे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे म्हणणारे पान नको त्या सूचनांचा भडिमार करण्याची परवानगी मागत असते. ‘विंडोज व आर ही बटणे दाबा, मजकूर चिकटवा आणि एंटर दाबा’ असे सांगणारा कॅप्चा संगणकात घातक आज्ञावली शिरविण्यासाठी असतो. कॅप्चाच्या नावाखाली अॅप उतरवून घेण्यास सांगितल्यासही पान तत्काळ बंद करावे. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्यात पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपूर्वीचा भाग सामान्यतः ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असा संपतो. तो पाहूनच माहिती भरावी.

कार्यकर्त्यांची जबाबदारी

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. ज्या कामासाठी संमती घेतली, त्यास आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती ती संमती मर्यादित असावी, हे त्याचे तत्त्व आहे. गावपातळीवर हे तत्त्व पुढीलप्रमाणे आचरणात आणावे.

शेतकऱ्याच्या खात्यास त्याचाच मोबाईल क्रमांक जोडावा. सोयीसाठी स्वतःचा क्रमांक घातल्यास पुढे ओटीपी त्याच्याकडे जात नाही व तो आपल्याच खात्यास पारखा होतो. ओटीपी त्याचा त्यानेच टाईप करावा; न जमल्यास त्याच्या समोर व कोणत्या कामासाठी आहे हे सांगून टाकावा. परवलीचे शब्द वहीत लिहून ठेवू नयेत. काम संपताच खात्यातून बाहेर पडावे व आधारची छायाचित्रे मोबाईलमधून व संगणकातून पुसून टाकावीत. चालेल तेथे केवळ शेवटचे चार अंक दाखविणारी आधारची प्रत द्यावी. लाभार्थ्यांच्या आधार व खाते क्रमांकांसह याद्या व्हॉट्सअॅपच्या गटांत कदापि टाकू नयेत. पैशाची फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे व बँकेसही सूचना द्यावी.

अर्जाची मुदत संपत आली की संकेतस्थळावर गर्दी होते, कॅप्चा वारंवार येतो आणि घाईत चुका होतात. म्हणून अर्ज मुदतीच्या आरंभीच भरावेत. धान्याची कणगी भरण्यास हंगाम लागतो, परंतु उघडी राहिल्यास ती रिकामी होण्यास एक रात्र पुरते. शेतकऱ्याच्या माहितीचेही तसेच आहे. कॅप्चा कितीही वेळा चुकला तरी चालेल; कणगीचे झाकण मात्र आपल्याच हाती राहिले पाहिजे.