निरोग्यांचे औषध

औषध घ्यावे ते आजाऱ्याने, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. मग ज्याच्या अंगावर रोगाचे एकही चिन्ह नाही, त्याच्या हातावर आरोग्यसेवक गोळी का ठेवतो? कुष्ठरोगाच्या बाबतीत असे घडते, आणि त्याचे कारण त्या रोगाच्या मंद गतीत आहे.

नॉर्वेमधील बर्गन नगरात १८७३ साली डॉ. हान्सेन यांनी या रोगाचा जंतू शोधून काढला. तोवर आपल्याकडे पुष्कळ लोक या रोगाला पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानीत, तर तिकडचे अनेक वैद्य त्याला आनुवंशिक समजत. हा जंतू मोठा सावकाश वाढणारा. एकाचे दोन होण्यास त्याला बारा-चौदा दिवस लागतात. तो शरीरात शिरल्यापासून रोगाची लक्षणे दिसेपर्यंत सामान्यतः पाच वर्षे, क्वचित वीस वर्षेही लोटतात. त्यामुळे घरातील एकाच्या अंगावर बधिर, फिकट चट्टा ओळखला जातो, तेव्हा तो जंतू दुसऱ्या कोणाच्या शरीरात आधीच शिरलेला असू शकतो. बहुतेकांची शरीरे त्याचा परस्पर नाश करतात. ज्यांना ते साधत नाही, ते मात्र वरून ओळखता येत नाहीत!

मग उपाय कोणता? बांगलादेशातील नीलफामारी व रंगपूर या जिल्ह्यांत याचा मोठा प्रयोग झाला. १०३७ नव्या रुग्णांच्या घरची व शेजारपाजारची २१,७११ माणसे त्यात होती. सुमारे निम्म्या लोकांना रिफाम्पिसिन या औषधाची एकच मात्रा दिली. उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या. कोणाला काय मिळाले, हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्यालाही नव्हते. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: औषध घेतलेल्यांत पहिल्या दोन वर्षांत नवे रुग्ण ५७ टक्क्यांनी कमी आढळले. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने दोन वर्षांवरील निकटवर्तीयांसाठी या उपायाची शिफारस केली. भारतातही ही मात्रा दिली जाते.

गोळी देण्यापूर्वी अंग नीट तपासतात. चट्टा आढळला किंवा क्षयाची शंका आली, तर ही एक मात्रा देत नाहीत. कारण एकट्या औषधाने रोग बरा होत नाही, उलट उरलेले जंतू त्याला दाद देईनासे होतात. रुग्णाला स्वतःला अनेक औषधे सहा महिने वा वर्षभर घ्यावी लागतात. गोळीनंतर लघवी तांबूस होते. त्यात भिण्यासारखे काही नाही.

बांगलादेशात आणखी एक गोष्ट दिसून आली. रुग्णाच्या रक्ताच्या नातलगांपेक्षा दूरच्या शेजाऱ्यांना या मात्रेचा लाभ अधिक झाला. म्हणून घरच्यांनी गोळी घेतली तरी पुढेही तपासणी चुकवू नये, आणि शेजाऱ्यांना तर गोळी मिळावीच.

परंतु शेजाऱ्याच्या दारी गोळी घेऊन जायचे, तर शेजारी रुग्ण आहे हे उघड होण्याचा संभव असतो. यासाठी रुग्णाची संमती लागते. एका पंक्तीला जेवल्याने किंवा हात हातात घेतल्याने हा रोग होत नाही आणि उपचार सुरू होताच संसर्ग थांबतो, हे वस्तीला माहीत नसेल, तर तो संमती कशी देणार? तो रोग लपवितो, आणि मग गोळी घरच्यांपर्यंतही पोहोचत नाही. काही ठिकाणी यावर तोड काढली आहे: सगळ्या वस्तीलाच गोळ्या देतात, म्हणजे बोट कोणाच्या घराकडे दाखवावे, हेच कोणाला कळत नाही.