गोधडी टाचायची चौकट : माप काय, खर्च किती?

जमिनीवर पसरून गोधडीचे थर टाचले की गुडघे भरून येतात, अस्तराला खाली पडलेली घडी दिसत नाही आणि एखादा टाका सतरंजीतूनही जातो. चार लाकडी पट्ट्या आणि चार सी-क्लॅम्प यांची चौकट घरी बनवा, हा त्रास संपेल. त्यासाठी सुट्टीची एक सकाळ आणि साधारण २,००० रुपये लागतील. मात्र माप ठरवल्याशिवाय वखारीत जाऊ नका. जास्तीचे पैसे तिथेच जातात.

माप

५ बाय ७ फुटांची गोधडी धरू. अस्तर चारही बाजूंनी ३ इंच मोठं घ्या, म्हणजे साडेपाच बाय साडेसात फूट. पट्ट्या कोपऱ्यांत एकमेकींवर येतात, म्हणून ९ फुटांच्या दोन आणि ७ फुटांच्या दोन घ्या. जाडी १ इंच, रुंदी २ इंच. कागदपत्र एकच लागतं : या मापांची चिठ्ठी.

काय, कुठे, कितीला

लाकूड वखारीतून घ्या, बाकीचं हार्डवेअरच्या दुकानातून. खालचे भाव हिशेबापुरते धरलेत. तुमच्या गावचे घालून बेरीज करा.

१० फुटी चार पट्ट्या, फुटाला २० रुपयांनी ८०० रुपये. रंधा मारायचे फुटाला ५ रुपयांनी २००. चार काप ४० रुपये. चार सी-क्लॅम्प प्रत्येकी १५० प्रमाणे ६००. चुका आणि पॉलिश पेपर १००. एकूण १,७४० रुपये. टेम्पो केलात तर ते भाडं वेगळं.

साग घेऊ नका, इथे त्याची गरज नाही. साधं, हलकं, पण वाळलेलं लाकूड पुरे. पट्टी डोळ्यासमोर आडवी धरून टोकापासून टोकापर्यंत बघा. बाक असेल तर परत ठेवा. पावसाळ्यात ओलं लाकूड हाती येण्याची भीती जास्त, घाई नसेल तर थांबा.

पैसे कुठे सांडतात

भाव विचारताना तीन प्रश्न एकदमच विचारा : रंधा धरून का, कापून देणार का, उरलेले तुकडे माझेच ना? रंध्याने जाडी घटते, पण पैसे न रंधलेल्या मापाचे लागतात. १४ फुटी पट्टी मिळाली तर दोन्ही आखूड बाजू एकीतूनच काढा, ६ फूट लाकूड वाचेल. ९ फुटी पट्टी रिक्षात मावत नाही, म्हणून घराजवळची वखार फुटाला दोन रुपये महाग असली तरी टेम्पोपेक्षा स्वस्त पडते.

क्लॅम्प ३ इंचीच घ्या. दोन पट्ट्या आणि वरचं कापड धरून २ इंची क्लॅम्पचं तोंड पुरत नाही. क्लॅम्पऐवजी सुतळी बांधायचा सल्ला मिळेल. सुतळी सैलावते आणि चौकट तिरकी होते, इथे काटकसर नको. कापडी पट्ट्यांवर मात्र एक रुपयाही घालवू नका. जुन्या चादरीच्या ५ इंची पट्ट्या फाडा, दुमडा आणि लाकडाला चुकांनी ठोका. अस्तर याच पट्ट्यांना टाचण्यांनी अडकवायचं. ड्रॉइंग पिना ताणाने निसटतात.

जोडणी : एक तास

लाकूड पॉलिश पेपरने घासा, कूस राहिली की कापड अडकतं. सारख्या उंचीच्या चार खुर्च्यांच्या पाठींवर लांब पट्ट्या ठेवा, वर आखूड, कोपऱ्यांत क्लॅम्प. मग दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तरच चौकट काटकोनात आहे. नाहीतर गोधडी तिरकी होईल आणि ते धुतल्यावरच लक्षात येईल.

टाचणं : एकटीने तीन-चार तास

नवं अस्तर आधी धुऊन घ्या, आटायचं ते तेव्हाच आटू दे. ते उलट्या बाजूने लावा. सुरकुती जाईल इतकंच ताणा. फार ताणलंत तर सोडल्यावर ते आखडतं आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात. त्यावर जुन्या साड्यांचे थर, मग दर्शनी कापड.

दोन-अडीच इंचांचे कच्चे टाके घाला, दोन ओळींत वीतभर अंतर ठेवा. दोरा पांढराच वापरा, गडद दोऱ्याचा रंग उतरू शकतो. हात मधोमध पोचेनासा झाला की एका लांब पट्टीचे दोन्ही क्लॅम्प आणि बाजूच्या टाचण्या सोडा, टाचलेला भाग पट्टीवर गुंडाळा, पुन्हा आवळा. सेफ्टी पिना लावल्यात तर काम लवकर होतं, पण शेकडो पिना विकत घ्याव्या लागतात आणि दमट हवेत राहिल्या तर गंजाचा डाग पडतो.

जागा कमी असेल तर

७ फुटी दोन आणि ४ फुटी दोन पट्ट्या घ्या. ३२ ऐवजी २२ फूट लाकूड लागेल. अस्तर आधीच पलीकडच्या पट्टीवर गुंडाळा, वरचे थर तिच्यापलीकडे लोंबते ठेवा आणि पुढे सरकत टाचा. वेळ थोडा जास्त लागेल, पण चौकट एका खोलीत मावेल.

काम झालं की क्लॅम्प सोडा आणि पट्ट्या पलंगाखाली आडव्या ठेवा. भिंतीला टेकवून ठेवल्या तर बाक येतो, आणि पुढच्या गोधडीला लाकडाचा खर्च पुन्हा करावा लागतो.