गावची शाळा कोण चालवते?

मंडळी, आज नेहमीचे पुस्तक मिटून ठेवू. आज एक खराखुरा कागद वाचू.

गेल्या राखीपौर्णिमेची गोष्ट. भाईंदरला आमचा साक्षरतेचा वर्ग संध्याकाळी भरतो. वर्गात बहुतेक बायाच. कोणी मासळी विकतात, कोणी घरकामाला जातात, कोणाचे सासरे मिठागरावर राबलेले. त्यांतल्या एक ताई त्या दिवशी उशिरा आल्या. हातात घडी घातलेला कागद होता.

"गुरुजी, भाऊ आलाय राखीला. त्यानं हा कागद आणलाय. म्हणतो, ह्याच्यावर सही मागतायत. मी सगळा वाचला बघा, पण एका शब्दाला अडले."

"फळ्यावर लिहा तो शब्द," मी म्हणालो.

ताईंनी लिहिले : समायोजन.

सगळ्यांनी तो फोडून वाचला. स-मा-यो-जन. वाचता आला, पण अर्थ लागेना. एक आजी म्हणाल्या, "भोजनाचं काही असंल." बाया हसल्या.

ताईंचे माहेर आपल्याच ठाणे जिल्ह्यात, डोंगराकडच्या तालुक्यात, एका पाड्यावर. तिथे जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते चौथी, चौदा मुले. ताईंची भाची तिसरीत. भाऊ शाळा व्यवस्थापन समितीचा सभासद. तो कागद म्हणजे समितीच्या सभेची सूचना होती. तिसरा विषय असा : 'कमी पटाच्या शाळेचे समायोजन करणेबाबत.'

मी अर्थ सांगितला. समायोजन म्हणजे ही शाळा दुसऱ्या शाळेला जोडून टाकणे. पाड्यावर शाळा भरायची नाही. मुलांनी पलीकडच्या गावच्या शाळेत जायचे. ते गाव अडीच किलोमीटरवर. मध्ये ओढा.

आता कोणी हसेना. ताई म्हणाल्या, "म्हणजे शाळा बंद. मग बंद असं का नाय लिहीत?"

ह्याला मी काय उत्तर देणार? सगळी नोकरी मीही असलीच भाषा लिहीत आलो.

भाऊ दाराशी उभा होता. तो म्हणाला, "शाळा सरकारची, गुरुजी. सरकार म्हणंल तसं. आपण कोण?"

हे त्याचे म्हणणे अर्धे खरे, अर्धे खोटे. म्हणून त्या दिवशी वर्ग तासभर जास्त चालला. त्या तासात जे बोललो ते इथे लिहितो.

गावची शाळा आधी सरकारची नव्हे, जिल्हा परिषदेची. जिल्हा परिषद १ मे १९६२ रोजी आली. त्याआधी जिल्हा लोकल बोर्ड होते आणि १९४७ च्या कायद्याने झालेले जिल्ह्याचे स्कूल बोर्ड होते. म्हातारी माणसे अजून 'बोर्डाची शाळा' म्हणतात ती त्यामुळे. वसंतराव नाईक समितीने सुचवले की जिल्ह्याचा कारभार लोकांनी निवडलेल्या माणसांच्या हाती द्यावा. तसा कायदा १९६१ मध्ये झाला आणि प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या.

आपल्या मीरा-भाईंदरचेही तसेच होते. राई, मुर्धे, मोर्वा, डोंगरी, उत्तन, नवघर, काशी, घोडबंदर ही सारी गावेच. १९८५ मध्ये इथे नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ ला महानगरपालिका झाली, आणि जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळाही शहराच्या कारभारात गेल्या. आज ठाणे जिल्हा परिषदेखाली शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ ह्या पाचच पंचायत समित्या आहेत. ताईंच्या भावाची शाळा त्यांतल्या एकीत येते.

आता कारभाराची उतरंड बघा. सर्वांत खाली शाळा आणि तिचे मुख्याध्यापक. आजूबाजूच्या दहा-पंधरा शाळा मिळून एक केंद्र, त्याचे केंद्रप्रमुख. त्यांच्यावर विस्तार अधिकारी. तालुक्याला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. जिल्ह्याला शिक्षणाधिकारी. सर्वांच्या वर मुख्य कार्यकारी अधिकारी. ही झाली नोकरमाणसांची शिडी. तिच्या शेजारी दुसरी शिडी लोकांनी निवडलेल्यांची : पंचायत समितीचे सभापती, जिल्हा परिषदेची शिक्षण समिती. शिक्षकांच्या पगाराचा पैसा राज्य सरकार देते. पुस्तके, दुरुस्ती, खडू-फळा ह्यांसाठी समग्र शिक्षा योजनेतून अनुदान येते. योजनेच्या आराखड्यात तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये धरले आहेत. दहा हजारांत वर्षाची शाळा कशी सजवायची हे ज्याने केले त्यालाच ठाऊक.

पण तिसरी एक शिडी आहे. ती एकाच पायरीची. ती म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती.

२००९ मध्ये मुलांच्या शिक्षणहक्काचा कायदा झाला. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात लिहिले आहे की ह्या समितीत चारांपैकी तीन माणसे आईबाप असली पाहिजेत. आणि सगळ्या समितीत निम्म्या बाया. अध्यक्षही पालकच. मुख्याध्यापक सचिव असतात. त्यांनी सभा बोलवायची, टिपणे ठेवायची. शाळा कशी चालते ते बघणे, आलेला पैसा कुठे गेला ते बघणे, शाळेचा पुढचा आराखडा करणे, ही समितीची कामे.

"आमच्यात बाया हायत," भाऊ म्हणाला. "पर त्या सभेला येत नायत. वही घरी जाते, अंगठा देतात."

मला हे ऐकून घाम फुटला. का, ते सांगतो. लपवण्यात काही अर्थ नाही.

मी मुख्याध्यापक होतो तेव्हाची गोष्ट. गावाचे नाव घेत नाही. पाचवीचा वर्ग आमच्या शाळेतून काढून शेजारच्या शाळेला जोडावा असे वरून सुचवले गेले. त्यासाठी समितीचा ठराव हवा होता. भातलावणीचे दिवस, सभेला माणूस येईना. मी काय केले? इतिवृत्ताची वही शिपायाबरोबर घरोघरी पाठवली. बायांनी चिखलाचे हात पुसले आणि अंगठे दिले. वाचून कोणी दाखवले नाही, मीही सांगितले नाही. ठरावात लिहिले होते, 'सर्वानुमते मंजूर'. वर्ग गेला. पुढच्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले तसे दोन मुलींनी शाळा सोडली. त्या पुन्हा आल्या नाहीत. मी घरी गेलो तेव्हा एकीची आई म्हणाली, "गुरुजी, आम्ही कवा हो म्हनलो?" माझ्या बगलेत तीच वही होती.

असो.

तर ताईंच्या भावाला मी सांगितले, समितीच्या ठरावाने शाळा बंद होत नाही; तो अधिकार वरचा. पण वर जाणाऱ्या कागदाला खालचा ठराव जोडलेला असला की काम सोपे होते. 'गावाचीच इच्छा आहे' असे म्हणता येते. म्हणून सही करण्याआधी सभा भरली पाहिजे. ठराव मोठ्याने वाचला गेला पाहिजे. पटत नसेल तर 'माझा विरोध आहे' एवढे तीन शब्द स्वतःच्या हाताने लिहिता आले पाहिजेत.

आता दुसरी बाजूही ऐका. कमी पटाची शाळा जोडावी असे म्हणणारे सगळेच वाईट नव्हेत. चार वर्गांना एक शिक्षक, तोही सभांना आणि माहिती भरायला तालुक्याला गेलेला, अशी शाळा मी पाहिली आहे. पाचसहा मुले, खेळायला दोन गट होत नाहीत. २०१७ मध्ये सरकारने दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा जवळच्या शाळांना जोडायचे ठरवले. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळा' निघाल्या. नंदुरबारचे तोरणमाळ आणि पुण्याकडचे पानशेत ह्यांचे दाखले दिले गेले. मोठी शाळा, जास्त शिक्षक, प्रयोगाची खोली, मुलांना न्यायला बस. बस रोज आली तर बरेच आहे. पण ओढ्यावर पूल नसेल तर बस कुठून येणार? माझा सवाल एवढाच असतो.

कायदा काय म्हणतो? आपल्या राज्याच्या नियमात पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत. पण त्याच नियमात लहान वर्गांसाठी निदान वीस मुले मिळावीत असेही आहे. इथे पट चौदा. म्हणजे आपला हात दगडाखाली. मी भावाला विचारले, "पाड्यावर सहा ते अकरा वर्षांची मुले किती?" तो बोटे मोजू लागला. दोन घरे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात; त्यांची तीन मुले पटावर नाहीत. एक मुलगी धाकट्याला सांभाळते. चौदा आणि चार अठरा. वीस झाले नाहीत. पण चौदा आणि अठरा ह्यांत फरक आहे. शिक्षकांची संख्या ३० सप्टेंबरच्या पटावर धरली जात आली आहे. म्हणून ही चार नावे त्या तारखेच्या आत पटावर लागलीच पाहिजेत, शाळा राहो की जावो. नाव घालायला जन्माचा दाखला नसला तरी मुलाला परत पाठवता येत नाही, हेही कायद्यातच आहे.

आजींनी मध्येच विचारले, "आणि खिचडीचं काय?" विचारले ते बरे झाले. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ धरला आहे. चौदा मुले म्हणजे १ किलो ४०० ग्रॅम. हा हिशेब फळ्यावर ताईंनीच केला. समितीतली कोणतीही आई शाळेत जाऊन तांदळाची वही मागू शकते, तराजू बघू शकते. शाळा चालवणे म्हणजे हेसुद्धा.

गाऱ्हाणे कोणाकडे करायचे? कायद्याचे ३२ वे कलम सांगते की मुलाच्या ह्या हक्काबद्दल लेखी तक्रार स्थानिक संस्थेकडे, म्हणजे इथे जिल्हा परिषदेकडे, करता येते. तिने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा. तो पटला नाही तर राज्याच्या बालहक्क आयोगाकडे दाद मागायची. पण लेखी पाहिजे. तोंडी सांगितलेले गाऱ्हाणे साहेबांच्या टेबलावर चहाइतकेही टिकत नाही.

मग वर्गाने मिळून अर्ज लिहिला. एकेक वाक्य एकेकीने सांगितले, ताईंनी लिहिले. तुम्हीही वहीत उतरवून घ्या. रिकाम्या जागी आपापली नावे घाला.

'प्रति, मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती ......

विषय : आमच्या पाड्यावरची शाळा आहे तिथेच ठेवण्याबद्दल.

महोदय, आमच्या शाळेत १४ मुले आहेत. आणखी ४ मुलांची नावे आम्ही ह्या महिन्यात घालत आहोत. दुसरी शाळा अडीच किलोमीटरवर आहे. वाटेत ओढा आहे. त्यावर पूल नाही. पावसाळ्यात लहान मुले ओलांडू शकत नाहीत. तरी शाळा इथेच ठेवावी. शाळा हलवायचीच असेल तर आधी मुलांना नेण्या-आणण्याची फुकट सोय करावी आणि ती आम्हाला लेखी कळवावी. ह्या अर्जाची एक प्रत मा. शिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद, ठाणे यांना दिली आहे. अर्जाची पोच मिळावी.

आपले नम्र, पालक.'

'पोच' म्हणजे काय ते भावाला समजावले. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. एक द्यायची. दुसरीवर कचेरीचा शिक्का, तारीख आणि क्रमांक घेऊन ती घरी आणायची, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवायची.

भाऊ दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने गेला. आठवड्याने ताईंच्या मोबाईलवर फोटो आला. अर्जाखाली अकरा नावे. सात सह्या, चार अंगठे. अंगठ्यांच्या शेजारी कोणीतरी लिहिले होते, 'वाचून दाखवले.' कोपऱ्यात निळा गोल शिक्का. ताईंनी तो वर्गात सगळ्यांना दाखवला आणि शिक्क्यातली अक्षरे वाचली : आवक क्रमांक.

"आवक म्हंजे आमच्या मासळीची आवक, तीच का गुरुजी?"

"तीच," मी म्हणालो. "बाहेरून आत आले ते."

पाड्यावरची सभा अजून व्हायची आहे. भाऊ सांगतो, तारीख रविवारी धरली आहे, म्हणजे बायांना येता येईल.