शंका-समाधान : पीप डोळ्यासमोर येतच नाही

या वेळच्या पत्रांत कंपाउंड (टोकांना कप्प्या असलेल्या) धनुष्याच्या पीपबद्दल (दोरीच्या धाग्यांत बसवलेली, आरपार छिद्राची छोटी कडी) बरेच प्रश्न आहेत. बहुतेक पत्रे अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि तिथे धनुष्याने हरणाची शिकार शिकणाऱ्या वाचकांची आहेत. एक पत्र साताऱ्याचे आहे.

प्रश्न : या हंगामात पहिल्यांदाच शिकारीला जाणार आहे. दुकानात पीप बसवून घेतला, पण दोरी ओढली की तो डोळ्याच्या खालीच राहतो. हनुवटी खाली घेतली तर दिसतो. बाण कधी वर लागतो, कधी खाली. जनावर नुसते जखमी होऊन पळाले तर? या विचाराने झोप लागत नाही. – एक वाचक, पेनसिल्व्हेनिया

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. हंगामापूर्वी ती वाटली, हे चांगलेच झाले. दोष तुमच्या हातात नाही. पीप तुमच्या अंगठेवणीला जुळवलेला नाही, एवढेच. आधी अँकर (दोरी पूर्ण ओढल्यावर हात जबड्याला टेकतो ती ठरलेली जागा) पक्का व्हायला हवा आणि मग त्याला धरून पीपची उंची ठरायला हवी. तुमच्याकडे हा क्रम उलटा झाला आहे. मान दर वेळी थोडी वेगळी वाकते, म्हणून बाणही वर-खाली जातात.

उंची अशी ठरवा. बाण लावून, जवळच्या सुरक्षित निशाणासमोर उभे राहा. डोळे मिटून दोरी ओढा, नेहमीच्या जागी हात टेकवा, मान सैल सोडा आणि मग डोळे उघडा. साइटची (धनुष्यावर पुढे बसवलेले नेम धरण्याचे साधन) गोल चौकट पीपच्या वर्तुळात मधोमध दिसली, तर उंची बरोबर आहे. नसेल तर पीप किती सरकवायचा ते शेजारी उभ्या माणसाला दोरीवर पेनाने खूण करून ठेवू द्या. असे चार-पाच वेळा करा आणि खुणांचा मध्य घ्या. बाण न लावता ओढलेली दोरी मात्र कधीही सोडू नका. त्याने धनुष्य फुटू शकते. ही तपासणी शिकारीच्याच जाड जाकिटात आणि हातमोज्यांत करा, कारण उंच कॉलरमुळे अँकर बदलतो. मचाणावरून खाली नेम धरताना नुसता हात खाली नेऊ नका, कमरेतून वाका. म्हणजे डोळा, पीप आणि हात यांचे नाते तसेच राहते.

पीप सरकवण्याचे काम दुकानातच, बो प्रेसवर (धनुष्याच्या पात्या दाबून दोरी सैल करणारे यंत्र) करून घ्या. घरी स्क्रू-ड्रायव्हरने धागे फाकवू नका. त्या पात्यांत साठलेला ताण हाडे मोडण्याइतका असतो. पीप वर गेला की बाणही पूर्वीपेक्षा वर लागतील. घाबरू नका, साइटची पिनही (चौकटीतली, निशाणावर धरायची बारीक खूण) वर घ्या आणि २० यार्डांपासून पुन्हा नेम जुळवा. मान न हलवता बाण एका जागी पडू लागेपर्यंत शिकारीला निघू नका, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : दुपारी सगळे छान दिसते. संध्याकाळी झाडीत बसले की पीपमधून अंधारच. मोठे छिद्र घेतले तर नेम बिघडेल अशी भीती वाटते. – एक वाचक, मिशिगन

उत्तर : भीती अर्धी खरी आहे. लहान छिद्रातून पिन रेखीव दिसते, पण प्रकाश कमी येतो. मैदानी स्पर्धेसाठीचे १/८ इंच किंवा त्याहून लहान छिद्र शिकारीला म्हणूनच अपुरे पडते. शिकारी सहसा ३/१६ किंवा १/४ इंच वापरतात. नेम राखायचे काम छिद्राच्या मापापेक्षा वर्तुळात वर्तुळ बसण्यावर अवलंबून असते. पीपच्या कडेच्या आत साइटची गोल चौकट बसावी आणि दोन्हींच्या मध्ये प्रकाशाची बारीक, सगळीकडे सारखी रेघ दिसावी. एवढे जमले तर १/४ इंचाचे छिद्रही अचूकच. मापे बदलता येणारे पीप मिळतात. तसा घेऊन सूर्यास्ताच्या वेळी निशाणावर तपासा.

धनुष्य आखूड असेल तर ओढल्यावर दोरीचा कोन तीव्र होतो आणि गोल छिद्र लंबगोल दिसते. त्यासाठी तिरक्या छिद्राचा पीप घ्या. शिकारीची वेळ अनेक राज्यांत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते, पण ढगाळ दिवशी झाडीत त्याआधीच पीप काळवंडतो. तसे झाले की बाण भात्यात ठेवावा, मग समोर कितीही मोठे हरीण असो.

प्रश्न : मुलगी १४ वर्षांची आहे. तिच्या पीपला रबरी नळी आहे. ती तुटून डोळ्यावर बसली तर? आणि आमचे दीर म्हणतात, पीप म्हणजे कुबडी, खरा तिरंदाज तो वापरत नाही. – एक आई, सातारा

उत्तर : नळी पीपला डोळ्याकडे वळवून धरते. उन्हाने रबर चिरते आणि ताणात तुटले तर चेहऱ्यावर फटका बसतो, हे खरे आहे. त्यामुळे भेगा दिसताच नळी बदला, किंवा प्रशिक्षकांना विचारून बिननळीचा पीप बसवून घ्या. नवी दोरी सुरुवातीचे काही शे बाण पीळ बदलते आणि पीप फिरतो. दोरी मुरली की प्रशिक्षक पीळ कमी-जास्त करून तो सरळ करतात. खुद्द पीप उडून येऊ नये म्हणून त्याच्या वर-खाली दोरा घट्ट गुंडाळलेला असतो. तो सैल झालेला नाही ना, हे सरावापूर्वी पाहायची सवय लेकीला लावा. डोळ्याला फटका बसलाच तर चोळू नका. दुखणे, धूसर दिसणे किंवा डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगणे यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्या.

कुबडीबद्दल सांगायचे तर, पीपला रिकर्व्ह (कप्प्या नसलेल्या धनुष्याच्या) प्रकारात मनाई आहे, कंपाउंडमध्ये परवानगी. तुमच्याच साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला याच कंपाउंड प्रकारात जागतिक अजिंक्यपदे मिळवली. दिरांना हे जरूर सांगा.

प्रश्न : अमेरिकेतले शिकारीचे धनुष्य गावी आणून रानडुकरावर चालवता येईल का? – एक वाचक, टेक्सास

उत्तर : नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात शिकारीला बंदी आहे. पिकांचे नुकसान होत असेल तर वनखात्याकडे अर्ज करा.

प्रश्न : वय ५४, चष्मा प्रोग्रेसिव्ह (वरून लांबचे, खालून जवळचे दाखवणारा). हरीण स्पष्ट दिसले तर पिन पुसट, पिन स्पष्ट तर हरीण पुसट. कधी एका पिनेच्या दोन दिसतात. डोळे जात तर नाहीत ना? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : पिन आणि हरीण दोन्ही एकाच वेळी स्वच्छ न दिसणे ही चाळिशी आहे, आजार नव्हे. शिकारीत नजर जनावरावर स्थिर असावी; पिन थोडी पुसट चालते. नेम धरताना मान वळलेली असल्याने तुम्ही भिंगाच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून बघता आणि प्रोग्रेसिव्ह भिंग तिथेच सर्वांत जास्त फसवते. फक्त लांबच्या नंबराचा वेगळा चष्मा करून पाहा. एक माप लहान छिद्रानेही पिन रेखीव होते, प्रकाश पुरत असेल तर. पिन स्पष्ट करणारे व्हेरिफायर (पीपमध्ये बसणारे बारीक भिंग) मिळते, पण पावसात आणि थंडीत त्यावर थेंब व वाफ धरते. शिकारीसाठी मी ते शेवटचा पर्याय म्हणून ठेवेन.

दोन पिना दिसण्याचे मात्र अंगावर काढू नका. एक डोळा मिटूनही दोन दिसत असतील तर तिरपा नंबर किंवा मोतीबिंदूची सुरुवात असू शकते, आणि ते पीप बदलून सुधारणार नाही. नेत्रतज्ज्ञांची वेळ घ्या. एकाएकी दुहेरी दिसू लागले किंवा डोळ्यापुढे पडदा आल्यासारखे वाटले तर थांबू नका, त्याच दिवशी जा. तपासणीपूर्वी, दोरी पूर्ण ओढलेली असताना डोळ्यापासून पिनेपर्यंतचे अंतर शेजारी उभ्या माणसाकडून टेपने मोजून घ्या आणि तो आकडा डॉक्टरांना द्या. चष्म्याचा नंबर त्या अंतराचा विचार करून ठरवता येईल.